इंजिनाचे दोन सुटे भाग

४ फेब्रुवारी

ती. दादास,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

तुझं पार्सल काल सुखरूप पोचलं. आधी सुतळी, मग वर्तमानपत्र, मग फडक्याच्या तीन गुंडाळ्या. उलगडता उलगडता माझी पुरेवाट झाली. निवृत्त झालेल्या बाया भरतकाम शिकतात आणि आमची ही रेडिओवर चालणारी छोटी विमानं उडवते, अशी तू चेष्टा करतोस, पण कपाटातलं एकुलतं एक इंजिन पाठवलंसच की नाही? जीव सुखावला बघ.

आज ते मैदानावर सगळ्यांना दाखवलं. आमच्या गटातले दंतवैद्य या कामात तरबेज आहेत. त्यांनी उलटसुलट फिरवून सांगितलं की जुनं असलं तरी इंजिन ठणठणीत आहे, मात्र कार्ब्युरेटर आणि मफलर दोन्ही गायब आहेत. कार्ब्युरेटर असला की विमान वर असतानाही रेडिओने वेग कमीजास्त करता येतो, आणि मफलर आवाज दाबतो. तुझ्या इंजिनाच्या मानेत नुसती एक नळी आहे आणि तिच्यात एक आडवी सुई. तर विसरभोळ्या, ते दोन भाग कुठे ठेवलेस? शिलाई मशिनच्या खोक्यात बघ, तुझ्या दुकानात काय कुठे सापडेल याचा नेम नाही.

फोनवर तुला धड ऐकू येत नाही, म्हणून पत्रानेच कळव. वहिनी आता नाही, तेव्हा आपणहून वेळेवर जेवत जा.
तुझी,
भिंगरी


११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून बुचकळ्यात पडलो. तीस वर्षांपूर्वी एक सनईवाले गृहस्थ दुकानात आले होते. त्यांच्या बायकोचं मशिन मी दुरुस्त केलं, त्याच्या बदल्यात त्यांनी हे इंजिन दिलं. तेही त्यांनी जुनंच घेतलेलं. टेबलावरच्या शेगड्याच्या जबड्यात आवळून मी ते एकदाच चालवलं, मग कपाटात गेलं ते गेलंच. त्यातलं काही काढल्याचं मला आठवत नाही. पण आठवत नाही म्हणजे काढलं नाही, असं छातीठोकपणे सांगायचे दिवस राहिले नाहीत.

तुला लिहिलं नव्हतं, आता लिहितो. गेल्या महिन्यात दोनदा मी दुकानातून निघालो आणि थेट आपल्या जुन्या घराच्या गल्लीत जाऊन उभा राहिलो. मुलाने डॉक्टरकडे नेलं. वार, तारीख सगळं बरोबर सांगितलं, पण सकाळी काय खाल्लं ते काही केल्या आठवेना. तेव्हापासून मुलाचं एकच पालुपद, दुकान बंद करा. मशिनच्या पट्ट्यात बोट गेलं तर काय घ्या, असं त्याला वाटतं. मी महिनाअखेरपर्यंत मुदत मागितली आहे.

काल जेवताना तुझ्या पत्रातली गंमत सांगितली. मी एकटाच हसलो. सूनबाईंनी मुलाकडे पाहिलं आणि मुलाने ताटाकडे. शोधतो, बाई. सगळी कपाटं उपसतो.
तुझा,
दादा


१९ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस. हे भाग काही सोन्याचे नव्हते. पर्यायी मिळाले की झालं, आणि त्याच्या मागे मी हात धुवून लागले आहे.

दंतवैद्यांनी एका मोडक्या इंजिनाचा कार्ब्युरेटर दिला, पण त्याची मान बारीक निघाली. आपल्या इंजिनाच्या भोकात तो खुळखुळतो. मफलरचं कोडं आणखी न्यारं. दोन मफलर लावून पाहिले, पण तुझ्या इंजिनाला स्क्रू जायला भोकंच नाहीत. बनवणाऱ्यांनी तो चिकटवला होता की काय, कोण जाणे! सोबत दोन्ही मापं कागदावर गिरवून पाठवते.

परवा तुझ्या मुलाचा फोन आला होता. भाग खरंच हरवलेत का, असं त्याने विचारलं. मी हो म्हटलं. बोलून गेले आणि मग रुखरुख लागली. त्याच्या आवाजात काळजी होती, दादा, राग नव्हता.
तुझी,
भिंगरी


२८ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

मापाप्रमाणे पितळेची एक कडी लेथवर काढली आहे. कार्ब्युरेटरच्या मानेवर चढव, मग तो खुळखुळणार नाही. मफलरसाठी पत्र्याचा पट्टा केला आहे, तो मफलरसकट इंजिनाच्या डोक्याला वेढून आवळ. हात अजून साथ देतात.

आणि आनंदाची बातमी, आठवलं! दोन्ही भाग मीच काढले होते. रॉकेलमध्ये धुवायला. मफलर काळाकुट्ट झाला होता, आणि कार्ब्युरेटरची ती एवढीशी दांडी वाकली होती, ती मी चिमट्याने सरळ केली. मग सगळं निळ्या डब्यात घालून वरच्या फळीवर ठेवलं. दुकानाला रंग दिला तेव्हा भंगारवाल्याने डबा नेला असणार.

हे मी मुलालाही सांगितलं. म्हटलं, बघ, आठवतं मला. तो म्हणाला की आठवलं ते बरंच झालं, पण महत्त्वाच्या वस्तू अशा जायला लागल्या तर लोकांची मशिनं तुमच्या भरवशावर कशी ठेवायची. काल दुकानाची किल्ली सूनबाईंच्या हातात दिली. फार वाईट वाटलं. चाळीस वर्षं ती माझ्या कमरेला होती.
तुझा,
दादा


९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि., आणि आधी दोन्ही कान पकडून माफी.

तुझी कडी अशी बसली की दंतवैद्य बघतच राहिले. पट्टाही बसला. आम्ही इंजिन सुरू करून पाहत होतो, तेवढ्यात एक निवृत्त पोस्टमास्तर मैदानावर आले. त्यांनी आमचा सगळा खटाटोप पाहिला आणि ते पोट धरून हसले. हे इंजिन रेडिओच्या विमानाचं नाहीच म्हणे! पूर्वी माणूस मधोमध उभा राहायचा, विमान दोन तारांना बांधलेलं असायचं आणि इंधन संपेपर्यंत एकाच वेगाने त्याच्याभोवती फिरायचं. वेग कमी करायचाच नसे, म्हणून त्याला कार्ब्युरेटर नव्हता. ती नळी आणि सुई हीच त्याची मूळ रचना. मफलरही कधी नव्हता, मग भोकं कुठून असणार? मला पटेना, म्हणून त्यांनी घरून स्वतःचं तसलंच इंजिन आणलं. दोन्ही शेजारी ठेवली. सुईसकट सगळं सारखं.

दादा, काहीही हरवलेलं नव्हतं. तू काहीही विसरला नव्हतास. आम्हा शहाण्यांना रेडिओखेरीज दुसरं ठाऊक नाही, आणि शिक्षा तुला झाली. तुझ्या मुलाला आजच चार पानी पत्र टाकलं आहे. त्यात त्याची खरडपट्टी आहे आणि त्याहून जास्त माझी.
तुझी,
भिंगरी


१६ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मुलाला पोचलं. तो येऊन माझ्या पायाशी बसला आणि लहानपणी रडायचा तसा रडला. सूनबाईंनी किल्ली आणून माझ्या हातात ठेवली. त्या दिवशी घरात सगळे मोठमोठ्याने हसत होते, मीही हसलो. तुझ्यावर माझा काडीचाही राग नाही, हे आधी मनातून काढून टाक.

दुकान चार दिवस झाले उघडलं आहे. एका शिंपीणबाईंचं मशिन समोर आहे. एकेक स्क्रू काढतो आणि तो कुठला ते कागदावर लिहून ठेवतो. पूर्वी असं कधी केलं नव्हतं.

हे फक्त तुला लिहितो. घरात कुणाला सांगू नकोस, वेळ आली की मीच सांगेन. मी काही विसरलो नव्हतो, हे तुझं म्हणणं खरं. पण ती वाकलेली दांडी मी सरळ केली होती, भिंगरे. माझ्या हाताला रॉकेलचा वास येत होता. चिमटा एकदा निसटला, तोही मला आठवतो. आणि तू लिहितेस की त्या इंजिनाला कार्ब्युरेटर कधी नव्हताच, म्हणजे दांडीही नव्हती. विसरण्याची तयारी मी मनाशी केली होती. याची नव्हती. मला भीती वाटते.

पत्र मात्र लिहीत जा. मैदानावर काय चाललं आहे, विमान किती उंच गेलं, पोस्टमास्तर काय म्हणतात, सगळं सविस्तर लिही. लोभ आहे तसाच राहू दे. फक्त मला काही आठवतं का, असं विचारू नकोस. विचारलंस की मला आठवतं.
तुझा,
दादा