बाबांचा मुखवटा

बाबा,

सात वर्षांत तुम्ही पत्ता कळवला नाहीत, म्हणून हे पत्र तुमच्या मुखवट्याच्या पेटीत ठेवतेय. पेटी रिकामीच आहे. काल संत सांतियागोच्या सणाला तो मुखवटा घालून मी चौकात नाचले.

"अगं, बायकांनी नाचायचं नसतं!" घोड्यावर संत होऊन बसलेले रुतिलियोकाका ओरडले.

मी म्हटलं, "माझा ताप उतरावा म्हणून बाबा दरवर्षी नाचायचा नवस बोलले आणि सरहद्दीपलीकडे पळाले. जीव माझा वाचलाय, नवस मीच फेडणार. मारा!"

संताने मुखवटेवाल्या नाचणाऱ्यांना मारायचं, या रिवाजाप्रमाणे काकांनी माझ्या पाठीवर तलवारीची सपाट बाजू हाणली. मी तसूभरही हलले नाही.

परत आलात तर मुखवटा मागू नका. बघ्यांत उभे राहा.

तुमच्या नवसाची,
एदुविखेस