ट्रॅक्टरच्या नाकावरचं वजन

दि. ४ नोव्हेंबर

प्रिय दादास,
सा. न. वि. वि.

आम्ही खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते, पण खरं म्हणजे मी धास्तावले आहे. बाबांनी छोटा ट्रॅक्टर माझ्या हाती दिल्यापासून मागे पाण्याची टाकी लावून रोपवाटिकेच्या चढावर मीच जाते. वरच्या वाफ्यांच्या अलीकडे मागची चाकं जागच्या जागी फिरतात आणि गाडी हळूच मागे सरकते. खाली दगडी बांध आहे. त्या वेळी ब्रेक कुठे आहे तेही आठवत नाही.

एकटी असते तर निभावलं असतं, पण बाबा सोबत असतात. म्हातारपणी हट्ट वाढतो म्हणतात, यांचा आधी तरी कुठे कमी होता? एखाद्या दिवशी त्यांच्यासकट बांधावरून खाली जाईन, ही भीती जेवतानासुद्धा सुटत नाही. तू टायरच्या दुकानात दिवसभर लोकांना शहाणपण विकतोस, थोडं घरीही पाठव. वहिनींना नमस्कार.

लोभ आहेच, सोबत उपायही असावा.

तुझी,
धाकटी


दि. ९ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचताना तुझ्या वहिनीने न मागता पाणी आणून दिलं, म्हणजे माझा चेहरा कसा झाला असेल बघ. तुमचे टायर बागेतल्या हिरवळीवर फिरण्यासाठी आहेत. त्यांची नक्षी बारीक, ओल्या मातीत ते धरणार काय? मागची जोडी खोल खाचांची पाठवतो आहे. बसवून झाली की व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणून पाऊण टायर पाणी भरून घे. वजन खाली राहतं, चाक जमीन धरतं आणि उतारावर गाडी कलंडायची भीती कमी होते. पुढे मी बसवलेली लोखंडी वजनं आहेतच, त्यांना हात लावू नका.

बाबांना मागे मडगार्डवर बसू देऊ नकोस. म्हणावं, चालत जा, भूक लागेल.

काळजी माझ्यावर सोड, माया तेवढी तुझ्याकडे ठेव.

तुझा,
दादा


दि. २१ नोव्हेंबर

प्रिय दादास,
सा. न. वि. वि.

टायर बसवले, पाणी भरलं. काल चाक तसूभरही घसरलं नाही. मी खूश होऊन क्लच सोडला आणि ट्रॅक्टरचं नाक वर उचललं गेलं. दादा, नाकावर बाबा होते.

तुझी वजनं त्यांनी केव्हाच काढून ठेवली आहेत. त्यांचे हात थरथरतात, स्टिअरिंग धरवत नाही. तुला कळवायचं नाही अशी मला शपथ घातली होती. तेव्हापासून वजनं अडकवायच्या दांड्यावर, माझ्याकडे तोंड करून, ते स्वतःच बसतात. म्हणतात, घरात साठ किलो वजन बसून खातंय, मग लोखंड कशाला वाहायचं? मलाही वाटलं, कामाला आल्याचं समाधान मिळतंय तर मिळू दे. मडगार्डबद्दलचं तुझं वाक्य त्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं आणि आपण कुठे मडगार्डवर बसतो, म्हणून हसले.

ते माझ्या डोक्याच्या उंचीला गेले, पाय लोंबकळत होते. उडी मारा म्हणून मी ओरडले. नाही मारली. दांडा धरून बसून राहिले, माझ्याकडे बघत. कसा कोण जाणे, माझा पाय क्लचवर पडला आणि नाक धाडकन खाली आलं. खरचटण्यावर निभावलं. पण नंतर मी त्यांना नको नको ते बोलले. वय झालं की माणसाला वेळेला सुचत नाही, असंही म्हणाले. ते खाली वाकून पायातून सुटलेली चप्पल शोधत राहिले. अजून डोळे मिटले की ते वर जाताना दिसतात. ये ना रे.

रागाव, पण लोभ तोडू नकोस.

तुझी,
धाकटी


दि. २५ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

रागवायला अंगात त्राण नाही. आधी चाक घसरत होतं, तेच तुम्हाला वाचवत होतं. आता मागच्या चाकांनी जमीन घट्ट धरली, म्हणून सगळा जोर नाक उचलण्यात गेला. पुढे काय आहे हे न विचारता मी टायर पाठवले. आता दुकानात कोणी टायर मागितला की आधी विचारतो, नाकावर कोण बसतं? गिऱ्हाइकं मला वेडा समजतात.

वजनं लागल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. टाकी निम्मीच भर, क्लच हळू सोड. रजा मिळाली की निघतो.

जपून राहा, एवढाच लोभ मागतो.

तुझा,
दादा


दि. २९ नोव्हेंबर

चि. थोरल्यास,
अनेक आशीर्वाद.

अक्षर वाकडंतिकडं आहे, त्याचं कारण तुला कळलंच आहे. वजनं मेकॅनिकने लावली, मी नुसता बोट दाखवायला होतो. आता मी अंगणात खुर्ची टाकून बसतो आणि ट्रॅक्टरचा आवाज ऐकतो.

तुझी बहीण म्हणते, मला वेळेला सुचलं नाही. म्हणू दे. उडी मारायचं मनात आलं होतं, एक हात सोडलाही होता. पण मी उतरलो असतो तर नाक हलकं होऊन आणखी वर गेलं असतं आणि ट्रॅक्टर तिच्यावर पालथा पडला असता. म्हणून बसून राहिलो. जन्मात इतका घाबरलो नव्हतो.

हे तिला सांगू नकोस. कळलं तर ती पुन्हा क्लचला पाय लावणार नाही.

माया आहेच, बाकी भेटीत.

तुझे,
बाबा