कॅप्सूलचं टरफल

आये, लिहायचं लई टाळलं. दोनदा बसलो आणि दोनदा उठून गेलो, एकदा तर पार गोव्यापर्यंत. आज बसलोय, कारण हितं भोरला दोस्ताच्या खोलीत उपाशीपोटी बसण्याशिवाय काम नाही. दुपारी घशातून दुर्बीण घालून पोट बघणार आहेत. तुझी जळजळ माझ्याकडं आलीय.

कापूरहोळच्या ढाब्यावर तू भाकऱ्या थापायचीस. एक हात परातीत, दुसऱ्यानं छाती चोळत. शेजारच्या पंक्चरवाल्याकडं पोपट होता, तो ट्रकच्या हॉर्नची नक्कल करायचा आणि आचारी फसून बाहेर बघायचा. असो. गिऱ्हाइकं उरकल्यावर उन्हं कलताना तू खायचीस आणि खाल्ल्याखाल्ल्या पोत्यावर लवंडायचीस. डॉक्टरांनी कॅप्सूल दिली होती, सकाळी काही खायच्या आधी पाण्याबरोबर गिळायची. पण तुझे सोमवार, गुरुवार, चतुर्थ्या. कुणीतरी तुला सांगितलेलं की वरचं टरफल हाडाचं असतं. मग उपासाच्या दिवशी तू कॅप्सूल उघडतेस, आतले बारीक दाणे गरम चहात ओततेस आणि टरफल चुलीत टाकतेस.

"तशीच गिळ की गं," मी म्हणतो.

"उपासाला हाडं खाऊ व्हय रं? औषध पोटात गेल्याशी मतलब."

इथल्या डॉक्टरनं परवा सांगितलं, त्या दाण्यांवर लेप असतो. गरम चहात तो उतरतो, मग पोटातलं ॲसिड औषधच खाऊन टाकतं. तुझे डॉक्टर पॉवर वाढवत गेले, तू चहात ओतत गेलीस. पण नुसत्या त्यानं तू गेली नाहीस, असंही तो म्हणाला. घास अडकत होता, अंग उतरत होतं, परसाकडला काळं होत होतं, तेव्हाच आत बघायला हवं होतं. बघितलं तोवर जठरभर गाठ पसरलेली. आणि तू आम्हालाच दटावत होतीस, "पोटाचं काय घेऊन बसलाय, पोट सगळ्यांनाच असतंय."

मी अख्खी गिळतो, न चुकता. जाईन त्या गावात मेडिकलमधून कॅप्सूलची पट्टी घेतो, कुणी डॉक्टरचा कागद विचारत नाही. आग थांबते, मी पुढच्या गावाला जातो. आता माझाही घास अडकतो.

अण्णा तू गेल्यावर शिवऱ्यातलं आपलं घर सोडून विंझरला राहायला गेले. तुला तपासायला न्यायचं त्या दिवशी ते भाताच्या लावणीला गेले होते, हे मी तेराव्याला सगळ्यांसमोर बोललो. तेव्हापासून आमचं बाप-लेकाचं बोलणं नाही.

खरं सांगतो, दुपारी मी तपासायला जाणार नव्हतो. समोर मीच वडापाव आणून ठेवलाय. एक घास खाल्ला की आजची तपासणी रद्द, आणि संध्याकाळी महाडची एसटी आहे. हा कागद तुला कुठं पाठवणार, पण कुणाला तरी सांगायचं होतं की मला भ्या वाटतंय.

थांब, दार वाजतंय.

अण्णा आलेत. खोलीतल्या दोस्तानं फोन केला असणार. दोन एसट्या बदलून आलेत, दारातच उभे.

"काय खाल्लं न्हाईस न्हवं?"

"न्हाई," मी म्हणालो.

त्यांनी वडापावकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग आत येऊन तो उचलला आणि उभ्याउभ्याच खायला लागले. तोंड भरलेलं असताना म्हणतायत, चप्पल घाल.