पाहुणा आणि पाना

८ मे, सकाळी ६.१०
उद्या पाच दिवसांच्या सुट्टीला निघायचं. हॉटेल नव्हे, कुणाचं तरी नीट मांडलेलं घर. म्हणून ही रोजनिशी. पाहुण्याने कसं वागावं याचा लेखी पुरावा राहील.
बॅग भरली. दोन शर्ट, टॉवेल, पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर (तीन), टेफ्लॉन टेप. बायकोने पाना काढून कपाटावर ठेवला. मी तो लेकीच्या बॅगेत ठेवला.
संकल्प: घर मिळालं त्याहून चांगलं करून परत द्यायचं. कारखान्यात सव्वीस वर्षं मेन्टेनन्स सुपरवायझर उगाच नव्हतो.

८ मे, संध्याकाळी ७
बायकोने समोर बसवून सांगितलं. ती धरून तिघी बहिणी अकरा वर्षांत एका छपराखाली राहिलेल्या नाहीत. डिसेंबरात थोरली येणार आहे आणि तिघींना हेच घर हवंय. मालकीणबाई बुकिंगच्या ॲपवर ज्यांच्याबद्दल ‘पुन्हा यावे’ लिहितात, त्यांनाच दुसऱ्यांदा घर देतात. तेव्हा तुम्ही माझ्यासाठी एकच करा, म्हणाली, काहीही करू नका.
शब्द दिला. मागच्या वर्षीच्या घरमालकाने ‘पाहुणे घरात फार लक्ष घालतात’ असं लिहिलं होतं, म्हणजे आपलं नाव आधीच झालेलं आहे, हेही लक्षात आणून दिलं. ती डोळे मिटून बसली. भरून आलं असावं.

९ मे, दुपारी १
पोचलो. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे पायरी आणि अंगण. अंगणापलीकडच्या खोलीत मालकीणबाई राहतात. सत्तरीच्या, निवृत्त नर्स, बोलणं मोजकं.
फ्रिजवर चौदा नियम. सगळे वाचले. नववा आणि अकरावा एकच आहे (चपला बाहेर). पेनाने बारीक खूण केली. इतकं मनापासून आजवर कोणी वाचलं नसेल. चौदावा: काही बिघडलेलं वाटलं तर आधी मला विचारा. या वयात त्यांना कशाला त्रास द्यायचा?

९ मे, सायं. ५
पायरीजवळचा नळ ठिबकतो. घड्याळ लावून मोजलं, मिनिटाला बावीस थेंब. खाली बशी ठेवलेली. मालकीणबाई बिचाऱ्या बशीवर दिवस काढतायत.
बायकोला सांगितलं. म्हणाली, हात लावायचा नाही. आणि आपल्या बाथरूमचा नळ चार वर्षं— पुढचं ऐकलं नाही. विषय भलताच होता.

१० मे, सकाळी ६.४५
सगळे झोपलेले असताना काम केलं. घराचं पाणी बंद करायचा मेन कॉक कुठे ते माहीत नव्हतं, पण पहाटे पाण्याला जोर नसतो. वॉशर झिजला होता. जादा वॉशर माझ्या पाकिटात असतोच. अकरा मिनिटं. थेंब: शून्य.
मग कारखान्याच्या शिस्तीप्रमाणे नळाची मूठ काढून घेतली. दुरुस्तीनंतर मूठ काढली की कोणी चाळा करत नाही. बशी धुऊन कपाटात.
कुणाला बोललो नाही. या हाताचं त्या हाताला कळू नये. फक्त मालकीणबाईंच्या दारासमोरून तीनदा नळाकडे बघत गेलो आणि खोकलो. त्यांनी खोकल्याची गोळी आणून दिली.

१० मे, दुपारी ३
सोफा दोन फूट डावीकडे सरकवला, उजेडासाठी. लेकीने परत सरकवला. तरुण पिढीला उजेडाचं महत्त्व नाही.

१० मे, सायं. ६
मालकीणबाईंचा बोका सकाळपासून पायरीवर बसून ओरडतोय. नाव साहेब. वय चौदा, एका डोळ्याने दिसत नाही. मी वाडग्यात पाणी ठेवलं. आमचे मॅनेजर माझ्या रजेच्या अर्जाकडे बघायचे तसं त्याने वाडग्याकडे बघितलं. दूध दिलं. तेच.
लाडावलेलं जनावर. माझा काही संबंध नाही.

११ मे, सकाळी ९
संबंध आहे.
मालकीणबाई चहाच्या वेळी आल्या. साहेबाने कालपासून पाण्याला तोंड लावलेलं नाही, म्हणाल्या. किडन्या थकल्यात, पाणी पोटात गेलंच पाहिजे असं डॉक्टरांनी बजावलंय. भांड्यातलं तो पीत नाही, दुसऱ्या नळाकडे ढुंकून बघत नाही. एक डोळा गेल्यापासून पायरीजवळच्या थेंबांच्या आवाजावर येतो आणि तेवढंच पितो. तीन वर्षांपूर्वी प्लंबरला मुद्दाम बोलावून नळ ठिबकता करून घेतला होता. आता मेला आपोआप कसा बंद झाला? आणि मूठ कुठे गेली?
मी म्हणालो, हवामान.
बायकोने माझ्याकडे बघितलं. मी बिस्किटाकडे बघितलं.

११ मे, सकाळी ९.४०
योजना: दुपारी सगळे आडवे झाले की मूठ परत लावायची आणि नळ बावीस थेंबांवर आणायचा. ज्याने बंद केला त्याला चालू करता येतो. कोणाला काही कळणार नाही. ‘पुन्हा यावे’ पक्कं.

११ मे, दुपारी २.१५
मूठ लावली. थोडी फिरवली: शून्य थेंब. आणखी थोडी: धार. मधलं काही नाही. नवा वॉशर फार उत्तम बसलाय. काम चांगलं केल्याचा हा तोटा. साहेब लांबून एका डोळ्याने बघतोय.

११ मे, दुपारी ४
घडलं ते असं. वॉशर काढून जरा घासावा असं ठरवलं. मेन कॉक कुठे हे विचारलं असतं तर बिंग फुटलं असतं. म्हणून कालच्यासारखंच चालू पाण्यात. दुपारच्या पाण्याला मात्र जोर असतो. पाना फिरवला आणि नळाचं डोकं माझ्या कानाजवळून निघून गेलं. पाणी छपरापर्यंत. अंगणात मालकीणबाईंच्या दोन गाद्या उन्हात घातलेल्या होत्या. आता त्या उचलायला चार माणसं लागतील.
मी तळहाताने भोक दाबून उभा राहिलो. सगळे धावत आले. मालकीणबाईंनी मेन कॉक बंद केला. तो माझ्या पाठीमागे दोन फुटांवर होता.
पाना कुणाचा, असं त्यांनी विचारलं. तो लेकीच्या बॅगेत होता, हे मी सांगितलं. लेक म्हणाली, बाबा, अरे निदान एवढं तरी कबूल कर.
बायको गाद्या पिळत बसली.

१२ मे, दुपारी १२
घरात पाणी नाही. प्लंबर संध्याकाळी येणार. बायको आणि लेक शेजारच्या घरून बादल्या आणतायत. मी पुढे झालो तर बायको म्हणाली, बसा.
साहेबाला टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. टोपली मी धरली होती. वजन काहीच लागलं नाही. सलाईन लावताना मालकीणबाई त्याच्या कानात काहीतरी बोलत होत्या. मला वाईट वाटलं. इथे खोटं लिहून उपयोग नाही, फार वाईट वाटलं.

१२ मे, सायं. ६.३०
प्लंबर आला. हे कोणत्या गाढवाने केलं, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, शोध चालू आहे. त्याने जुना वॉशर शोधून बसवला. मिनिटाला चोवीस. दोन जास्त आहेत, पण मी गप्प बसलो.
साहेब हळूहळू आला. खूप वेळ प्याला. मालकीणबाईंनी डोळे पुसले आणि बायकोचा हात धरला.

१३ मे, सकाळी १०
निघतोय. बायको तासभर मालकीणबाईंशी बोलत बसली आहे. मला गाडीत थांबायला सांगितलंय. गाद्यांबद्दल चिठ्ठी लिहून माफी मागितली. खाली सोफ्याबद्दल दोन ओळी लिहिल्या.

२० मे, सकाळी ८
‘पुन्हा यावे’! आलं! माणसाची कळकळ शेवटी पोचतेच.

२० मे, सकाळी ८.०५
चष्मा लावून पूर्ण वाचलं. ‘बाई आणि मुलगी, पुन्हा यावे. बहिणींनाही आणावे.’ माझा उल्लेख राहिलाय. मालकीणबाईंना फोन करून नजरेस आणून दिलं. राहिलेला नाही, म्हणाल्या.

१८ डिसेंबर, सकाळी ९
तिघी बहिणी आणि लेक मालकीणबाईंच्या घरी गेल्या. पाच दिवस. निघताना बायकोने आमच्या फ्रिजवर कागद चिकटवला. एकच नियम: बाथरूमचा नळ.
हातचा मळ आहे. आज दुपारपर्यंत.

१९ डिसेंबर, सकाळी ११
काल पाना सापडला नाही. आज सापडला. वॉशर पाकिटात. जेवण झालं की लगेच.

२० डिसेंबर, दुपारी ४
लेकीने फोटो पाठवला. तिघी बहिणी पायरीवर बसून पोट धरून हसतायत. बायको इतकी हसताना मी शेवटची कधी बघितली, आठवलं नाही. साहेब तिच्या मांडीवर. मागे उघड्या दारातून दिसणाऱ्या फ्रिजवर नियम पंधरा झालेत. पंधरावा मोठा करून वाचला: पाना आणू नये.
पाना घेऊन बाथरूममध्ये गेलो. मोजलं. मिनिटाला एकोणीस. घर फार शांत आहे. दुसरं काहीच वाजत नाही.
पाना परत ठेवला. नळाखाली एक बशी ठेवली.