रेलिंगवरचे तीन ठोके

३ मार्च

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. डोकं फिरलेलं आहे, तेव्हा बाकीचं वि. वि. तूच भरून घे.

दादाने माझी वाट लावली. गल्लीतला आपला बँड सोडून मी इतक्या लांब आलो म्हणून तो धुमसतच होता. मीच म्हटलं, एकदा येऊन माझा ट्रॉम्बोन ऐक, मग राहू का परत येऊ ते तूच ठरव. तो आला. कार्यक्रम होता पार्किंगच्या रिकाम्या इमारतीत. संगीत रचणाऱ्या बाईंनी मला तळघरात उभं केलेलं, लोक वरच्या मजल्यांवर. मी एकच सूर धरायचा, ट्रॉम्बोनचा सरकता दांडा मुंगीच्या चालीने ओढायचा, आणि इमारत त्या सुराचं काय करते ते लोकांनी ऐकायचं. तू हसतेयस, माहीत आहे. पण खांबाखांबापाशी उभं राहून, कुठे घुमतं ते बघत मी महिनोन्‌महिने फुंकलंय.

चांगला रंग भरला होता आणि वरून टक टक टक. रेलिंगवर किल्ली. बँडात कोणी मध्येच चाल विसरला की दादा ढोलाच्या कडेवर तीन ठोके मारायचा आणि आम्ही मुकाट पहिल्या ओळीवर यायचो, तसंच. त्याला वाटलं मी अडकलो. ताई, माझा हात माझा राहिलाच नाही. बँडाची सलामीची चाल अख्खी वाजवून मोकळा झालो. लोक हसले. बाई कागद गोळा करून गेल्या. पुढचा कार्यक्रम पोहण्याच्या रिकाम्या तलावात आहे, त्याला दुसरा माणूस बघतायत. मी धापा टाकत वर पोचेपर्यंत दादा बस धरून पसार.

लोभ आहे तेवढाच ठेव. वाढवायचाच असेल तर आधी त्याला चार शब्द सुनाव.

तुझा बारक्या


१० मार्च

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा.

सुनावायलाच गेले होते. पण दादा सगळ्या गल्लीला सांगत सुटलाय, पोरगं भर कार्यक्रमात अडकलं, मी ओढून काढलं. पुढचे दात पडल्यापासून फुंकता येईना म्हणून त्याने आपलं वाद्य फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं, बँडाच्या तालमीकडे फिरकत नव्हता. आता रोज जातो, पोरांवर खेकसतो. वहिनी म्हणते, घरात माणूस परत आला. आणि ऐक, तुझ्या तिथे राहण्याला त्याने होकार दिलाय. फक्त म्हणतो, प्रत्येक कार्यक्रमाला मी जाणार, पुन्हा अडकला तर? तलावाच्या कार्यक्रमासाठी बसचं तिकीटही काढून बसलाय.

खरं काय ते तूच कळव. माझ्या तोंडून निघणार नाही.

वेळेवर जेव. रागाने का होईना, लिहीत जा.

तुझी ताई


१७ मार्च

ती. ताईस,
नमस्कार.

म्हणजे ज्या ठोक्यांनी होकार मिळवून दिला, त्यांनीच काम घालवलं. बाईंचे उंबरे झिजवले तेव्हा कुठे पुन्हा घ्यायला तयार झाल्या, पण अट एकच : तो किल्लीवाला माणूस जवळपास दिसता कामा नये. मी म्हटलं, तो माझा भाऊ आहे, त्यानेच मला फुंकायला शिकवलं. त्या म्हणाल्या, म्हणूनच. तिथल्या तिथे वाद्य उचलून निघावंसं वाटलं. पण मला ते काम हवंय, ताई. मी तलावात उतरून एकदा वाजवून आलोय. तोंडाचा सूर सुटतो तरी भिंती त्याला सोडत नाहीत.

सोबतच्या पाकिटात दादाला खरं लिहिलंय. मी अडकलो नव्हतो, ते वाजवायचंच तसं होतं, आणि आता येऊ नकोस. किती कागद फाडले ते विचारू नकोस. त्याला द्यायचं की नाही, तुझ्यावर. माझं डोकं चालत नाही.

काही झालं तरी मला टाकू नका.

बारक्या


२६ मार्च

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

ताईने पाकीट दिलं. तिकीट परत केलं.

तू अडकला नव्हतास ते मला कळत होतं. अडकलेल्याचा सूर थरथरतो, मी काय आजचा आहे. तुझा केसाकेसाने सरकत होता आणि कुठे तुटत नव्हता. दात होते तेव्हाही एवढा दम माझ्या छातीत नव्हता. ऐकता ऐकता वाटलं, हा काही आता आपल्यात येत नाही. राहवलं नाही. ठोके देऊन बोलावलं तर येतोस का, ते बघितलं.

आलास.

गल्लीत मी सांगतो ते सांगतच राहणार, त्यात तू पडू नको. दांड्याला तेल घालत जा. आणि राहा तिकडे.

दादा