यूपीएसचं चौथं सॉकेट

मानोरा, १६ जून

प्रिय धम्मरत्न,

तुझं दुकान माझ्या घरापासून दहा मिनिटांवर, तरी पत्र लिहिते आहे. दोनदा चालत आले आणि दोन्ही वेळा तुझ्या मुलीच्या अभ्यासाची चौकशी करून परत गेले. कागदावर मला असा विषय बदलता येणार नाही.

हरीओमचं काम आता ठीक चाललं आहे. तू बदलून दिलेला यूपीएस लाइन दिवसातून पाच वेळा गेली तरी कुरकुरत नाही. मार्चमध्ये पहिला यूपीएस निवडायला तू घरी आलास, तेव्हा मी तुझी तोंडी परीक्षाच घेतली होती. घरात इन्व्हर्टर असताना मुलाच्या सर्व्हरला हा वेगळा डबा कशाला, असं मी विचारलं. तू म्हणालास, "बाई, लाइन गेली की इन्व्हर्टर यायले जरासा वेळ लागते. पंख्याले ते समजत नाही, सर्व्हरले समजते." मग खोक्यावरचा मोठा आकडा व्होल्ट-अँपिअरचा असतो, वॅटचा नव्हे, हे तू मलाच समजावलंस, बारावीला मी तुला भौतिकशास्त्र शिकवलेलं असताना. सगळ्या यंत्रांच्या वॅटांची बेरीज केलीस, सहाशे वॅटचा घ्या म्हणालास, बॅटरी संपत आली की सर्व्हर आपोआप नीट बंद व्हावा म्हणून केबल जोडून दिलीस. जाताना बजावलंस की यावर सर्व्हर, राउटर आणि फायबरचा डबा एवढंच, चौथं सॉकेट रिकामं राहू द्या. उत्तम समजावलंस. मी तसं म्हटलं नाही. तोंडावर कौतुक करण्याची सवय मी कधी लावून घेतली नाही.

मे महिन्यात हरीओम सपनाला माहेराहून आणायला जऊळक्याला गेला होता. दुपारी दोनला लाइन गेली. कूलरला इन्व्हर्टरची जोडणी नाही, आणि ते ऊन तुला माहीत आहे. कूलर त्याच खोलीत होता. मी त्याच्यामागची पट्टी वाचली, एकशे ऐंशी वॅट. सर्व्हर वगैरे मिळून दीडशे. बेरीज तीनशे तीस, म्हणजे सहाशेच्या पुष्कळ आत. गणित बरोबर आहे म्हणून मी निर्धास्तपणे कूलरची पिन त्या चौथ्या सॉकेटमध्ये घातली. मोटर सुरू होताना कितीतरी पट जास्त वीज ओढते, हे मी एकतीस वर्षं फळ्यावर लिहीत आले. यूपीएस एकदा किंचाळला आणि त्याचे सगळे दिवे विझले.

मी पिन काढली आणि कूलर जागेवर सरकवला. संध्याकाळी हरीओमचा सर्व्हर सुरू झाला नाही, त्याचं अकरा दिवसांचं काम गेलं. यूपीएसच खराब निघाला, असं तो म्हणाला. मी गप्प राहिले. तेवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी तो यूपीएस घेऊन निघाला, त्याच्याबरोबर तुझ्या दुकानात मीच आधी चढले. आत पाच-सहा गिऱ्हाइकं होती. जुनी बॅटरी घालून माल विकतोस, तुला शिकवलं ते पाण्यात गेलं, असं मी सगळ्यांसमोर बोलले. "आई, काहून एवढी चिडून राह्यली?" हरीओम मला मागे ओढत होता. तू हळू आवाजात विचारलंस, "बाई, त्याच्यावर अजून काही लावलं होतं काय?" मी नाही म्हटलं. तुझ्या डोळ्यांत बघून म्हटलं. तुझी आई पंचफुलाबाई पाण्याचा पेला घेऊन उभी होती, तो मी घेतला नाही. रागात घेतला नाही, पण त्याचा दुसरा अर्थ तिला लागला असेल तर दोष तिचा नाही. आपल्या गावात त्या नकाराला एकच अर्थ असतो, आणि तो मला ठाऊक आहे.

पुढच्या आठवड्यात शाळेच्या संगणक खोलीसाठी यूपीएस कुणाकडून घ्यावेत, असं मुख्याध्यापक माणिकरावांनी मला विचारलं. त्यांच्या यादीतलं तुझं नाव मी खोडून काढलं. काम बाहेरगावच्या दुकानाला गेलं.

काल हरीओम सपनाला नवीन यूपीएस समजावत होता. त्यात प्रत्येक घटनेची नोंद राहते, वेळेसकट, भार जास्त झाला तर तेसुद्धा. जुन्याची नोंद धम्मरत्नानं आम्ही दुकानातून निघाल्यावर तासाभरातच वाचली होती, पण त्यात काय निघालं ते मला सांगितलं नाही, असं तो सहज बोलून गेला. म्हणजे मी तुला नाही म्हटलं त्यानंतर तासाभरात तुला सगळं कळलं होतं. तरी तू नवीन यूपीएस घरी आणून जोडलास आणि माझ्या हातचा चहा पिऊन गेलास. त्या दिवशी मी तुला साखर किती एवढंच विचारलं.

आज सकाळी मी हरीओमला खरं सांगितलं, मग माणिकरावांना. ते म्हणाले, झालं ते झालं, आता कशाला गवगवा. पण तुझ्या दुकानात मी बोलले ते लोकांनी ऐकलं, आणि घरोघर जाऊन ते पुसता येत नाही. म्हणून हे पत्र मी चांगल्या अक्षरात लिहिलं आहे. ते तुझ्या काउंटरच्या काचेखाली ठेव. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचू दे. तुझ्या स्वभावाला ते जड जाईल, तू घडी घालून खणात टाकशील, हेही मी ओळखून आहे. तसं करू नकोस. रविवारी मी पंचफुलाबाईंकडे येते आहे, आणि येताना काचेखाली बघणार आहे.

तुझीच,
ललिताबाई