तीन फुटांचा समुद्र आणि चुन्याची निवळी

५ जानेवारी २०२५, रविवार

माशांच्या टाकीतल्या गोगलगायींच्या शंखांची टोकं झिजताहेत! आज भिंगातून बघितलं. टोक खडूसारखं पांढरं, भुसभुशीत. आणि दगडांवर चढलेली ती गुलाबी शेवाळाची साय — साऱ्या टाकीची शोभा — कडेकडेने पांढरी पडत चाललीय.

म्हणजे पाण्यातला चुना संपतोय. मोजायलाच हवं.

निवृत्तीच्या दिवशी कॉलेजात विचारलं होतं, "कुंडलिकराव, आठवण म्हणून काय देऊ?" मी ब्युरेट मागितलं, थेंब मोजायची काचेची नळी. सगळे हसले. हसेनात का! शाळा दहावीत सुटली, पण चौतीस वर्षं प्रयोगशाळेत काचा धुतल्या. पिवळ्याचं नारिंगी नेमकं कुठल्या थेंबाला होतं, ते माझ्या डोळ्यांना बरोबर कळतं. टाकीचं पाणी घेतलं, मिथिल ऑरेंजचे दोन थेंब, वरून थेंब थेंब अ‍ॅसिड. क्षारता आली साडेपाच अंश. आठ तरी पाहिजे.

मीरा खाटेवरून म्हणाली, "माझी एवढी तपासणी कधी केली नाहीत ती!"

६ जानेवारी, सोमवार

आज गार्गी आली होती. व्यायाम घेणारी मुलगी, आठवड्यातून दोनदा येते. गोड पोरगी, पण तिच्याही नाकी नऊ आलेत.

"काकू, चारच पावलं. मी धरते ना."

"तू धरशील गं. पण पडणार मी."

मीरा ऑक्टोबरात न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झकास झालं. डॉक्टर म्हणतात, आत सगळं जुळलंय, आता चालणं हेच औषध. ही मात्र पाय खाली टेकवला की पांढरीफटक पडते. ज्या बाईने घाटकोपरचा सगळा बाजार पायाखाली घातला, ती तीन महिने हॉलमधल्या खाटेवर! तिला बघायला काहीतरी असावं म्हणून तर कॉलेजने टाकून दिलेली ही टाकी आणली, तिच्या समोर मांडली, समुद्राचं पाणी बनवलं. मीरा तिला 'डबकं' म्हणते. पण दोन्ही जोकर माशांना नावं तिनेच ठेवलीत.

काल मिथुन मुलुंडहून आला होता. म्हणाला, "बाबा, किती दिवस असं? सव्वीस तारखेला चाकाची खुर्ची घेऊनच येतो."

गार्गीने आज जिन्यात हळूच सांगितलं, "काका, खुर्ची आली की त्या पुन्हा उठायच्या नाहीत. थोडे दिवस तरी ती थांबवा."

काय थांबवू? पोरगा प्रेमानेच म्हणतोय.

८ जानेवारी, बुधवार

अंबादासच्या दुकानात गेलो. समुद्री मासे विकणारा, माझा जुना दोस्त. त्याने परदेशी बाटल्यांची जोडी पुढे केली — एक कॅल्शियमची, एक क्षारतेची. किंमत ऐकून मी बाटली अशी खाली ठेवली जशी काही ती तापलेली होती!

"अरे, आत आहे काय?"

"तुला सांगितलं तर माझा धंदा बसेल, कुंडल्या."

मग खालच्या आवाजात सांगितलंच. एकीत कॅल्शियम क्लोराइड, दुसरीत सोडा. बस! वरून म्हणाला, "तुझ्याकडे दगडी प्रवाळ थोडेच आहेत? ते घरात ठेवायला कायद्याने बंदी. तुझे ते बटणासारखे मऊ प्रवाळ, गोगलगायी नि गुलाबी साय. घरच्या घरी भागेल तुझं."

९ जानेवारी, गुरुवार

आज फजिती!

खायचा सोडा कढईत कोरडाच तासभर परतला. पाण्यात विरघळवला — बाटली एक. कॅल्शियम क्लोराइड पाण्यात टाकलं तर पाणी चहासारखं गरम झालं — बाटली दोन. सगळं शास्त्रशुद्ध. आणि मग मी शहाण्याने काय केलं? एका हातात ही, एका हातात ती, दोन्ही एकाच कोपऱ्यात ओतल्या! क्षणात पांढरा ढग. मासे दिसेनात. सगळा चुना तळाला जाऊन बसला.

मीरा खाटेवर उठून बसली. "अहो, दूध नासलं!"

चौतीस वर्षं मुलांना सांगितलं, बाबांनो, एकात एक ओतू नका. आणि आज मी!

पण एक लिहून ठेवतो. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा.

१० जानेवारी, शुक्रवार

उपाय मीरानेच सांगितला. सकाळी चहा पिता पिता म्हणाली, "चुनाच पाहिजे ना? मग निवळी करा की. मिथुनच्या पोटात दुखायचं तेव्हा आई नाही का चुन्याची निवळी द्यायची? तेवढं पोर पचवतं, तुमच्या गोगलगायींना काय होतंय!"

फोनवर वाचून बघितलं. अहो आश्चर्य! परदेशातले लोक वर्षानुवर्षं हेच टाकतात. कॅल्शियम आणि क्षारता, दोन्ही एकाच पाण्यात, मापात. फक्त हळूहळू सोडायचं, नाहीतर माशांना झोंबतं.

कळीचा चुना आणला. मोठ्या बरणीत पाण्यात कालवला, ठेवून दिला. मीरा सारखी बजावत होती, "ढवळू नका. गाळ खाली बसू दे. वरचं नितळ तेवढंच घ्या."

बरं, बाईसाहेब.

११ जानेवारी, शनिवार

हॉस्पिटलातून आणलेल्या सामानात सलाइनची नळी सापडली, कोरी, न वापरलेली. टाकीच्या बाजूच्या खिळ्याला बाटली उलटी टांगली, बूड कापून वर तोंड केलं, खाली नळी. चाक फिरवलं की थेंब कमी-जास्त. रोज अर्धा लिटर निवळी. बरणी ओट्यावर.

मीरा म्हणाली, "मला लावलेलं ते काय कमी होतं? आता डबक्यालाही सलाइन!"

१३ जानेवारी, सोमवार

सहा. चढतंय.

१४ जानेवारी, मंगळवार

मी वाचनालयातून आलो की मीरा अहवाल देते. दिवसभर थेंब मोजत पडलेली असते. "अकराला मिनिटाला तीस पडत होते, बाराला बंद. तुमचा हात आखडता आहे हो. जरा जास्त ओतत जा."

मी म्हटलं, "डॉक्टर तू की मी?"

"निवळी कुणाची?"

मी ब्युरेट धुवायला घेतलं.

गार्गीने वॉकरला पुढे कापडी पिशवी बांधून दिलीय, फोन ठेवायला. मीरा म्हणते, भीक मागायची झोळी. वॉकर आहे तिथेच, भिंतीला टेकलेला.

१७ जानेवारी, शुक्रवार

आठ पूर्णांक एक! जमलं! दगडावर टाचणीच्या टोकाएवढे नवे गुलाबी ठिपके दिसताहेत. मीराने मोजले, नऊ. खाटेवरून मान लांब करून. म्हटलं, जवळ येऊन बघ, आणखी सापडतील.

तिने तोंड फिरवलं. मीच आगाऊपणा केला.

२० जानेवारी, सोमवार

काहीतरी चुकतंय. क्षारता नऊ पूर्णांक तीन. माझं माप तेच, थेंब तेच. ब्युरेट दोनदा धुतलं. अ‍ॅसिडची नवी बाटली फोडली. आकडा तोच.

दूधवाल्यासारखं कुणी आत काही मिसळतंय की काय!

उद्यापासून निवळी बंद. नुसतं साधं पाणी. रोज पॉइंट चारने उतरायला हवं.

गार्गी मीराची पोटरी दाबून म्हणाली, "काकू, आज घट्ट लागतेय. घरी काही करता का?"

"पडून पडून सुजली असेल," मीरा म्हणाली.

२३ जानेवारी, गुरुवार

तीन दिवस थेंबभर निवळी घातली नाही. आठ पूर्णांक एक यायला हवं होतं. आलं नऊ पूर्णांक तीन!

ब्युरेट खोटं बोलत नाही. म्हणजे माणूस बोलतंय.

भांडी घासायला येणाऱ्या वनमालाताईंना विचारलं. त्यांनी हातातलं पातेलंच आपटलं. "काका, मी त्या डबक्यात हात घालीन? त्यात केसाळ किडे हायत!"

मिथुनला फोन केला. "बाबा, मी मुलुंडहून येऊन तुमच्या टाकीत चुना घालीन का? आणि ऐका, खुर्ची आणलीय. रविवारी घेऊन येतो."

शेवटी मीराला विचारलं, तू कुणाला बघितलंस का?

"मी खाटेला खिळलेली बाई. भूत असेल."

आज ओट्यावरच्या बरणीवर पेनाने रेघ मारली.

२५ जानेवारी, शनिवार

बरणी रेघेच्या चार बोटं खाली. वाचनालयात गेलो तेव्हा बरोबर रेघेवर होती. दाराला कुलूप मीच घातलं होतं, मीच काढलं.

मीराला म्हटलं, भूत आज अर्धा लिटर प्यायलं.

म्हणाली, "नवे ठिपके एकतीस झालेत. तीन तर दगडाच्या मागच्या बाजूला आहेत."

मागची बाजू खाटेवरून दिसत नाही. हे मला आत्ता, लिहिताना सुचतंय.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनाला खाली गेलो. फोन विसरला म्हणून अर्ध्या तासात वर आलो. मीरा भिंतीकडे तोंड करून 'गाढ झोपलेली'. ओट्याखाली निवळी सांडलेली. तिथून टाकीपर्यंत आणि टाकीपासून खाटेपर्यंत फरशीवर पांढरे गोल वाळत होते. चार-चार, पुढे पुढे फिकट. वॉकरच्या रबरी टोपणांचे. झोळीत पेला, ओला.

ओट्यापासून टाकी, अकरा पावलं. दोनदा मोजली.

जिन्यात जाऊन मिथुनला फोन केला — खुर्ची आणू नकोस. परत आलो. गोल पुसले नाहीत. बरणी उचलली आणि गॅलरीच्या पार टोकाला नेऊन ठेवली. तिथून टाकी, तेवीस पावलं.